कोंडोआची माती आणि माणसं, कामाला जाण्याआधी एवढं वाच

"ताई, मी अंबाजोगाईचा, ॲग्री झालंय, टांझानियात कोंडोआ जिल्ह्यात मृद-जलसंधारणाच्या प्रोजेक्टवर दोन वर्षांसाठी निवड झालीये, नेटवर शोधलं तर दगडावरची जुनी चित्रं आणि 'धूप झालेला दुष्काळी भाग' एवढंच सापडतंय, खरा भाग कसा आहे, माणसं कशी आहेत, जमेल का मला?" असं तू विचारलंस. मी तिथे दोन टप्प्यांत मिळून सहा वर्षं राहिले, शेवटचा टप्पा २०१८ ला संपला, आणि काम हेच, ओघळी, घळी, बांध. म्हणून जरा लांब लिहिते. "धूप झालेला भाग" हे खोटं नाही पण ती अर्धीच गोष्ट आहे, आणि तेवढ्या अर्ध्या गोष्टीवर काम सुरू केलं की काय होतं ते मी स्वतः बघितलंय, ते पुढे सांगते.

आधी नकाशा. कोंडोआ म्हणजे मध्य टांझानियातल्या डोडोमा प्रांताचा उत्तरेकडचा भाग. डोडोमाहून उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटर गेलं की कोंडोआ गाव लागतं, तसंच पुढे गेलं की बाबाती, मग अरुशा. हा जुना केप-टू-कैरो रस्ता, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून इजिप्तपर्यंतचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मुरमाचाच होता, पावसात ट्रक रुतून दोन-दोन दिवस उभे असायचे, २०१८ ला बाबातीपर्यंत डांबर पूर्ण झालं आणि सगळं बदललं, भाजीपाला आणि बस दोन्ही वेळेवर यायला लागले. डोडोमाकडून येताना आधी सपाट, काटेरी, बाभळीचा मुलूख लागतो, मधेमधे बाओबाबची म्हणजे आपल्या गोरखचिंचेची प्रचंड झाडं. तो भाग पूर्वी कोंडोआतच होता, २०१२ पासून चेंबा नावाचा वेगळा जिल्हा झालाय, जुने कागद वाचताना हे डोक्यात ठेव नाहीतर गावं सापडणार नाहीत. कोंडोआ गाव चौदाशेक मीटरवर आहे आणि तिथून उत्तर-पूर्वेला इरांगीचे डोंगर चढत जातात. या डोंगरांची कड म्हणजे रिफ्ट व्हॅलीच्या भेगेचा काठ, पूर्वेला उतरलं की मासाईंचं सपाट गवताळ रान सुरू. उंचीमुळे जून-जुलैच्या रात्री चांगल्या गार असतात, आफ्रिका म्हणून नुसते सुती कपडे नेऊ नकोस.

पाऊस एकच हंगाम, नोव्हेंबर-डिसेंबरला सुरू, एप्रिलपर्यंत, आणि मे ते ऑक्टोबर कोरडं. आकडा साधारण आपल्या बीड-लातूरच्या कमी पावसाच्या वर्षासारखा, पाच-सहाशे मिलिमीटर, डोंगरावर थोडा जास्त. पण जानेवारी-फेब्रुवारीत मधेच मोठा खंड पडतो, नेमका पीक फुलोऱ्याला येताना, आणि जो पाऊस येतो तो धो धो येतो. तू मराठवाड्यातला आहेस म्हणजे तुला हे समजावून सांगायला नको.

आता माती, कारण कोंडोआ समजून घ्यायचं तर मातीपासूनच. डोंगरमाथ्यावर आणि उतारावर लाल माती, खाली उतरत गेलं की पंख्यासारखे पसरलेले वाळूचे पट्टे, आणि सगळ्यात खाली सखल भागात काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी, तिला स्वाहिलीत म्बुगा म्हणतात. आपली काळी रानं आठव. डोंगर ते दरी अशी मातीची ही साखळी असते ही कल्पना शास्त्रात मांडली गेली तीच मुळी टांगानिकात म्हणजे तेव्हाच्या टांझानियात, १९३५ च्या सुमारास जेफ्री मिल्न नावाच्या मृदशास्त्रज्ञाने, आणि तिथल्या शेतकऱ्याला ती त्याच्याही आधीपासून पाठ होती. तो शेताचं नाव सांगत नाही, माती सांगतो, "माझं एक वाळूत आहे, एक म्बुगात आहे, एक वर लालमध्ये आहे", आणि पाऊस बघून ठरवतो की यंदा कुठल्या तुकड्यावर जीव टाकायचा.

घळीला स्वाहिलीत कोरोंगो, अनेक असतील तर माकोरोंगो. हा शब्द तुला पहिल्याच दिवशी ऐकू येईल. कोलो गावाच्या आसपास आणि हाउबीच्या खोऱ्याकडे अशा घळी आहेत की आत दोन मजली घर उभं राहील, लाल कातळासारख्या भिंती, वर काठावर एखादं झाड मुळं उघडी टाकून लोंबकळतंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं होतं, खरंच.

ही धूप कशाने झाली यावर तुला एक तयार उत्तर मिळेल, "लोकांनी गुरं फार पाळली". हे उत्तर घाईचं आहे. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंताचे काफिले कोंडोआवरून जायचे, त्यांना धान्य लागायचं, म्हणून डोंगरावर शेती वाढली. १८९० च्या दशकात बुळकांडीची साथ आली, अख्ख्या पूर्व आफ्रिकेतली गुरं मेली, चराऊ रानं ओस पडून झाडोरा वाढला आणि त्यात त्सेत्से माशी पसरली, जी चावली की गुरांना आणि माणसांना जीवघेणा आजार होतो. १९१६ मध्ये जर्मन आणि ब्रिटिश-दक्षिण आफ्रिकन फौजा इथेच भिडल्या, एप्रिलमध्ये ब्रिटिश बाजूच्या फान डेव्हेंटरने कोंडोआ घेतलं, मे महिन्यात जर्मन सेनापती लेटोव-फोरबेकने परत हल्ला केला, आणि पावसात अडकलेल्या हजारो सैनिकांनी परिसरातलं धान्य-गुरं खाऊन संपवलं. पुढे ब्रिटिशांनी त्सेत्सेसाठी मोठाली जंगलं साफ केली आणि माणसं ठराविक पट्ट्यांत एकवटली. एवढं सगळं त्या उतारांवरून गेलंय. गुरांचा वाटा होता, पण सगळं गुरांच्या आणि गुराख्याच्या माथी मारू नकोस, तिथे तर अजिबातच बोलून दाखवू नकोस, कारण त्याची किंमत त्यांनी एकदा मोजलेली आहे.

ती अशी. १९७३ ला सरकारने स्वीडनच्या मदतीने हाडो नावाचा प्रकल्प सुरू केला, हिफाधी आर्धी डोडोमा, म्हणजे डोडोमाचं भूसंरक्षण. आधी काही वर्षं बांध, समतल चर, झाडं लावणं असं आपल्यासारखंच चाललं, मनासारखा फरक पडेना. मग १९७९ ला हुकूम निघाला, कोंडोआच्या सगळ्यात धूप झालेल्या १२५६ चौरस किलोमीटर भागातून एकूण एक जनावर बाहेर. ऐंशी-नव्वद हजार गुरं-शेळ्यामेंढ्या हलवायला लागली. कुणी मासाई रानाकडे नातलगांच्या हवाली केली, कुणी पडेल भावात विकली. आपल्याकडे हिवरे बाजारला चराईबंदी झाली तुला माहितीये, पण ती ग्रामसभेत बसून, लोकांनी ठरवून झाली. इथे वरून हुकूम आला, आणि दोन्हीत केवढा फरक आहे हे तुला घराघरात गेल्यावर कळेल. दूध गेलं, शेणखत गेलं, लग्नात द्यायची गुरं गेली, अडीअडचणीला विकायची शेळी गेली.

आणि तरीही, हे पण तितकंच खरं, डोंगर हिरवे झाले. गवत आलं, मियोंबोची म्हणजे तिथल्या कोरड्या रानातली झाडं मुळापासून परत फुटली, खाली वाळू येणं कमी झालं. पुढे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गोठ्यात बांधून, चारा कापून घालायच्या अटीवर दुभत्या गायी हळूहळू परत येऊ दिल्या, आणि बाईमाणसांचं काम वाढलं कारण चारा कापून डोक्यावर आणायचा कुणी तर बाईने. नव्वदच्या दशकात प्रकल्पाचा जोर ओसरला, आणि चराई हळूहळू उतारांवर परत आली, काही ठिकाणी उघड, काही ठिकाणी रात्रीची. तू आज जो हिरवा उतार बघशील तो बघून लगेच "वा, काय यश" किंवा "अरे, परत चराई सुरू, बेशिस्त" असं काहीच म्हणू नकोस. दोन्ही वाक्यं मी बोललेय आणि दोन्ही वेळा समोरचा माणूस गप्प झालेला बघितलाय.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी एका गावात, नाव नाही घेत, आम्ही घळीच्या तोंडाशी दगडी बांधांची ओळ आखली, पाणलोटाच्या पुस्तकाप्रमाणे बरोब्बर, की वरची माती वरच अडली पाहिजे. ज्या संस्थेसाठी काम करत होते तिला हंगामाआधी आकडे दाखवायचे होते, त्यामुळे गावसभा घाईघाईत उरकली. बांध झाले. पहिल्या पावसात खाली वाहून येणारा पोयटा थांबला, आणि खालच्या वाळूच्या पट्ट्यातल्या बायका भेटायला आल्या. घळीतून दरवर्षी येणारी ती बारीक माती, तिच्यावरच त्यांची रताळी, ऊस, थोडी केळी उभी होती. नदीपात्रात वाळू असली की तिच्यात पाणी टिकतं, आपण उन्हाळ्यात नदीत झिरा खणतो ना, अगदी तसंच तिथे सप्टेंबरात बाया वाळूत हातभर खड्डा करून तुंब्याने पाणी भरतात. म्हणजे वरच्या माणसाची जी धूप, ती खालच्या माणसाची जमीन होती. त्यातल्या एक आजी, तिथे बीबी म्हणतात, मला म्हणाल्या की तू माती थांबवलीस पण ती कुणाकडे चालली होती ते विचारलं नाहीस. पुढच्या हंगामात आम्ही वरचे आणि खालचे दोघांना एकत्र बसवून निम्मे बांध खाली सरकवले, उंची कमी केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. सर्व्हेला जाशील तेव्हा घळीच्या डोक्यापासून सुरुवात करून शेपटीपर्यंत चालत जा, जीपमधून नाही, आणि शेपटीला कोण राहतं त्यांची नावं आधी लिही.

माणसांचं सांगायचं तर कोंडोआत मुख्य वस्ती वारांगी लोकांची. रांगी हे नाव ऐकून स्वाहिलीतला रंगी म्हणजे आपला रंगच आठवतो, पण त्याचा याच्याशी संबंध नाही, ते स्वतःला वालांगी म्हणतात. आपला मूळपुरुष हाउबीला आला असं ते मानतात, त्यामुळे हाउबीचा तो गाळाने भरत आलेला तलाव त्यांच्यासाठी नुसता तलाव नाही. बहुतेक वारांगी मुसलमान आहेत, हाउबीसारख्या काही भागांत कॅथलिक, आणि एकाच घरात दोन्ही असणं हे तिथे अगदी साधं आहे. त्यांची भाषा बांटू, म्हणजे स्वाहिलीच्याच कुळातली, पण शेकडो वर्षं कुशिटिक या वेगळ्या कुळातल्या भाषा बोलणाऱ्या अलाग्वा आणि बुरुंगे शेजाऱ्यांबरोबर राहिल्याने तिला वेगळं वळण आहे. भविष्यकाळात त्यांचं मुख्य क्रियापद आधी येतं आणि सहायक नंतर, आपण "जाणार आहे" म्हणतो तसं, बांटू भाषांमध्ये हे फार दुर्मिळ, आणि मराठी माणसाच्या जिभेला मात्र सोयीचं. चेंबाच्या बाजूला सांदावे, त्यांच्या भाषेत जीभ टाळ्याला लावून चक्-टक् असे आवाज काढतात ते खरे व्यंजन म्हणून येतात, मध आणि रानातल्या कंदमुळांचं ज्ञान त्यांच्याइतकं मी कुणाकडे बघितलं नाही. पूर्वेला मासाई, पश्चिमेला आणि उत्तरेला बाराबाइग, बाबातीकडे गोरोवा. एका दिवसाच्या प्रवासात चार वेगवेगळ्या भाषाकुळांची माणसं भेटतात, जगात अशा जागा थोड्या. बाजाराच्या दिवशी, म्नाडा म्हणतात त्याला, हे सगळे एका मैदानात दिसतात आणि व्यवहार स्वाहिलीत होतो. त्यामुळे तू स्वाहिली आधी शीक, तीन महिन्यांत कामापुरती येते, लाकी म्हणजे लाख, बिमा म्हणजे विमा, दुका म्हणजे दुकान, शंभर शब्द तुला आधीच येतात. रांगीतले चार शब्द मात्र आवर्जून शीक, म्हाताऱ्या माणसांचा चेहरा खुलतो.

जेवणाखाणाची काळजीच करू नकोस. उवेले म्हणजे बाजरी, म्तामा म्हणजे ज्वारी, उलेझी म्हणजे नाचणी, करांगा शेंगदाणे, अलिझेती सूर्यफूल, म्बाझी म्हणजे तूर. बाजरीची उगाली आणि म्लेंडाची बुळबुळीत पालेभाजी, भेंडीच्या जवळ जाणारी, शेंगदाण्याचं कूट घालून, हे मला घरच्यासारखं लागायचं. शाकाहारी असशील तर माहारागे म्हणजे राजमा रोज मिळतो. जुनी घरं तेंबे पद्धतीची, लाकडाच्या तुळया आणि वर मातीचं सपाट छत, आपलं माळवदच की, आता मात्र पैसे आले की पहिला खर्च पत्र्याचा. ज्वारीच्या मुळांवर जगणारं टारफुला तण तिथेही आहे, आणि दाणे खाणाऱ्या क्वेलेआ पक्ष्यांचे थवे आले की अख्खं गाव पोराबाळांसकट राखणीला शेतात.

तुरीबद्दल मात्र थांबून सांगायला पाहिजे. कोंडोआ-बाबाती पट्ट्यात मक्यात तूर पेरतात, मका निघाला की तूर उभी राहते आणि ऑगस्ट-सप्टेंबरला काढणी. घरात ती थोडी खातात, बाकी सगळी विकायला, आणि जाते कुठे तर मुख्यतः भारतात. ऑगस्ट २०१७ ला भारताने तुरीच्या आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली, नेमकी तिथली काढणी सुरू असताना. भाव असे कोसळले की व्यापारी यायचेच बंद झाले. माझ्या घरमालकिणीच्या पडवीत अकरा पोती पडून होती, त्यावर मुलाची सेकंडरीची फी होती. आणि त्याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं आठव, बंपर पीक, खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना नाही म्हणून काटा बंद. माझे चुलते लातूरला रांगेत होते आणि मी इकडे पोती मोजत होते. घरमालकीण मला विचारायची, मामा, तुमच्या लोकांनी तूर खाणं सोडलं का? मामा म्हणजे तिथे आई, बाईला मानाने असंच बोलावतात. मी तिला चुलत्यांचं सांगितलं, तर तिने पहिला प्रश्न केला की त्यांना किती मुलं आहेत शिकणारी. २०२१ ला भारताने तूर परत मोकळी केली, पण २०१७ च्या त्या फटक्यानंतर तिथल्या बऱ्याच लोकांनी तुरीचं क्षेत्र कमी करून सूर्यफूल वाढवलं. तू भारतीय म्हणून गेलास की तुरीचा भाव तुला विचारणारच, तयारीत जा आणि जेवढं माहीत आहे तेवढंच सांग, आशा लावू नकोस.

चित्रांचंही सांगते, कारण ती नुसती टुरिस्टची गोष्ट नाही. कोलो गाव कोंडोआच्या उत्तरेला वीसेक किलोमीटर, तिथल्या कड्यांवर लाल रंगातली लांबट माणसं, जिराफ, हरणं, आणि नंतरच्या काळातली पांढरी चित्रं. १९५१ मध्ये मेरी लीकी यांनी महिनोन्महिने बसून ती उतरवून घेतली आणि २००६ ला जागतिक वारसा यादीत आली. पण मोंगोमी वा कोलो या जागेवर लोक आजही पावसासाठी आणि आजाऱ्यासाठी विधी करतात. म्हणून त्या बाजूला बांधकामाचा सर्व्हे करायचा तर कोलोच्या पुरातत्त्व ऑफिसात आधी जा, आणि गावच्या वडीलधाऱ्यांना वेगळं विचार, एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही.

वागण्याच्या काही गोष्टी. गावात गेल्यावर थेट शेतात घुसायचं नाही, आधी म्टेंडाजी म्हणजे ग्रामसेवकासारखा माणूस, त्याच्या ऑफिसात पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायचं, मग म्वेन्येकिटी म्हणजे गावचा अध्यक्ष. मोठ्या माणसाला "शिकामो" म्हणायचं, तो "माराहाबा" म्हणतो, हे न करता कामाचं बोलायला लागलास तर तुझं बोलणं कुणी ऐकणार नाही. दारात उभं राहून "होदी" म्हण, आतून "करिबु" आलं की मगच आत. शुक्रवारी दुपारी सभा ठेवू नकोस. आणि घड्याळ, त्यांचा दिवस सूर्योदयापासून मोजतात, सा न्ने म्हणजे शब्दशः चार वाजता, पण तो आपला सकाळचा दहा. मी पहिल्या सभेला दुपारी चारला पोचले, लोक सकाळी दहापासून तासन्‌तास बसून निघून गेले होते, आणि मला परत जाऊन एकेका घरी माफी मागायला लागली. सभेत बायका मागे बसतात आणि बोलत नाहीत, त्यांचं मत हवं असेल तर पाणी भरायच्या जागी सकाळी जा, आणि तू मुलगा आहेस तर गावातल्या एखाद्या बाईला बरोबर घेऊन जा.

जमेल का विचारलंस, तर हो, जमेल. काळ्या रानात वाढलेल्या पोराला म्बुगाची भेग बघून काय वाटतं ते कुणाला शिकवायला लागत नाही. एक काम मात्र मशीन, नकाशे, जीपीएस बाहेर काढायच्या आधी कर. १९७९ ला जी माणसं विशीत होती ती आज पासष्टीच्या पुढे आहेत, अजून बरीच आहेत. पहिल्या महिन्यात गावातल्या अशा दोघा-तिघांकडे संध्याकाळी जाऊन बस आणि त्यांची गुरं त्या वर्षी कुठे गेली, किती होती, कुठल्या वाटेने हाकत नेली ते विचार. प्रत्येक जनावराचं नाव सांगतात. ती वाट वहीत काढून घे, कारण तुझे बहुतेक बांध त्याच वाटेवर आखावे लागणार आहेत.